मोघम चालणार नाही, काकू!

सुकापूरला आमच्या समोरच्या दारावर, बेलच्या खाली, एक पाटी आहे. 'ही बेल दाबल्यावर विनय दार उघडतो. दार उघडंच असेल तर दाबू नये. पाणी कधी येणार हे विचारायला दाबू नये. पाणी विनयला विचारून येत नाही.'

तर हा विनय. पन्नाशीचा, सडाफटिंग. लग्न का नाही केलंस रे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "स्थळं यायची काकू, पण माहिती फार मोघम असायची." मोघम ही त्याच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी.

नोकरी घरी बसूनच. मला समजली ती अशी. कॉम्प्युटरमध्ये आता तो एआय मदतनीस आलाय ना, तो नुसता बोलत नाही, कामंही करतो. त्यासाठी त्याच्या हाताशी हत्यारं दिलेली असतात, त्यांना म्हणायचं टूल. एक तिकीट काढायचं, एक रद्द करायचं, एक निरोप धाडायचं. कुठलं कधी उचलायचं, हे त्याला त्या टूलचं वर्णन वाचूनच कळतं. ती वर्णनं विनय लिहितो.

"म्हणजे नव्या सुनेला स्वयंपाकघरातले डबे दाखवावेत, तसं," मी म्हटलं.

"अगदी! मीठ पांढरं, पिठीसाखरही पांढरी. नुसता डबा दाखवून भागत नाही. कशात घालायचं नाही, ते आधी सांगा."

हे 'कशात नाही ते आधी सांगा' त्याने नेऱ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या हिराबाईलाही सोडलं नाही. अळूची जुडी हातात धरून विचारत बसला, ही वडीची की फदफद्याची, आणि तुम्ही तशी चिठ्ठी का लावत नाही?

"आरं भाऊ," हिराबाई म्हणाली, "पानं घ्यायची हायत का त्यांचं लगीन जमवायचं हाय? मला टाइम नाय."

विनय हिरमुसला, पण घरी जाताना मला म्हणाला, "प्रश्न मात्र स्पष्ट होता तिचा."

माझा मुलगा बंगळूरला. आमचे हे गेल्यापासून त्याचा एकच धोशा, आई, एकटी राहू नकोस, इकडे ये. मला सुकापूर सोडायचं नव्हतं. मग विनयनेच माझ्या फोनवर असा एक मदतनीस बसवून दिला. गोळ्यांची आठवण करायची, रिक्षावाल्याला फोन लावायचा, भजन लावायचं, असली कामं त्याची. मुलगा म्हणाला, हा नीट चालला तर राहा तिथे.

चाललाही. मग एका एकादशीला कपडे वाळत घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मटकन खाली बसले आणि फोनला म्हटलं, "अरे, जीव घाबराघुबरा होतोय."

फोनने भजन लावलं. चांगलं टाळ-मृदंगासकट.

झालं होतं असं, की भजनाच्या टूलपुढे विनयने लिहिलं होतं, 'काकू अस्वस्थ असतील तेव्हा वापर.' फोन बिचारा सांगितलं तसं वागला. आवाज ऐकून विनयच तणतणत आला, "काकू, माझी मीटिंग चालू..." आणि मला जमिनीवर बघून पांढराफटक पडला. उपाशीपोटी फिरत होते, एवढंच निघालं. पण मुलाच्या कानावर गेलंच. "आता बास, आई. मी तिकीट काढतोय."

त्यानंतर विनय दिसेना. शेवटी मी बेल दाबली. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी मोघम लिहिलं, काकू. मी!"

"बरं, मग नीट लिही."

लिहूनच ठेवलं होतं. त्याने वाचून दाखवलं, 'भजन: काकूंनी स्वतः लाव म्हटलं तरच. चक्कर, घाम, छातीत दुखणं, जीव घाबरणं, यांसाठी कधीही नाही. तेव्हा विनयला बोलाव.'

"आणि ते 'विनयला बोलाव' कसलं टूल?"

ते काही तो वाचेना. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. मी चष्मा लावला.

'विनय समोरच्या दारात राहतो. काकूंना बरं नसेल तर वापर. काकू "काही नाही रे" म्हणाल्या तरी वापर. काही काम नसलं तरी वापर. कधी वापरू नये:' आणि पुढे कोरं.

"विन्या, हे अर्धवट राहिलंय."

"नाही काकू. पुरं झालंय."

"मोघम आहे हो फार."

तो स्वतःचा चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.

मी तिथूनच मुलाला फोन लावला आणि हे सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "पाटीवाले ते हेच ना? राहा मग, आई. मीच येतो दिवाळीला."

संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं. हात नेहमीसारखा एका कपाकडे गेला, तो थांबला. फोन ओट्यावरच होता. मी त्याला म्हटलं, "काही नाही रे."

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. मी दुसरा कप काढला.