पश्चात कोण कोण?

उमरग्याला स्टँडसमोर मी एसटीडी फोनचं दुकान टाकलं, त्या दिवशीची गोष्ट. नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते आणि मी टेलिफोनच्या काचेच्या खोक्याला हौसेनं झेंडूची माळ घालत होतो. तेवढ्यात एक उंच, काटकुळा माणूस आत आला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खांद्याला शबनम, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि खिशाला ओळीनं पेनं. त्यानं पेढा तोंडात टाकला, चवीनं खाल्ला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं,

"मालक, तुमच्या पश्चात कोण कोण?"

मी तेव्हा पंचविशीत. लग्न ठरत आलेलं. इतक्यात कुणाला मागं ठेवून जाण्याचा माझा काही विचार नव्हता. आई पेढ्यांचं ताट घेऊन शेजारीच उभी होती.

"आई, वडील, एक भाऊ, दोन बहिणी," मी कसंबसं म्हणालो.

"बहिणी दिलेल्या का घरातच?"

"एक दिलेली. मुरूमला."

"म्हंजे जावई एक," तो माणूस समाधानानं म्हणाला. "ऱ्हाईल ध्यानात." आणि दुसरा पेढा उचलून चालू लागला.

आईनं तिथल्या तिथं माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका दुकानभर पसरला आणि माझं आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक फोन न करताच खोकत पळालं.

हे सिद्रामअप्पा. आमच्या तालुक्याचे वार्ताहर.

अप्पा सोलापूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत. पिकावरची कीड, शाळेचं गळकं छप्पर, विहिरीत पडलेली म्हैस, जत्रेतली कुस्ती, सगळं पाठवत. पण त्यांचा जीव होता निधनवार्तेत. तालुक्यातला माणूस गेला की त्याची चार ओळींची बातमी आलीच पाहिजे, मग तो बागायतदार असो की गावची घंटा वाजवणारा. आणि त्या चार ओळींतली शेवटची ओळ, 'त्यांच्या पश्चात अमुक तमुक असा परिवार आहे', ती बिनचूक हवी. त्यासाठी अप्पा जिवंतपणीच चौकशी करून ठेवत. लग्नात, बारशात, बाजारात, दाढी करून घेताना. लिहून काही ठेवत नसत. सगळं डोक्यात.

"माणूस गेल्यावर घरचे रडत असत्यात," ते मला समजावत. "तवा इच्यारलं तर धाकटा जावई ऱ्हातोच. आन मालक, ऱ्हायलेला जावई गेलेल्या माणसापरीस लई अवघड."

हे शहाणपण त्यांना जळकोटनं दिलं होतं. तिथले एक म्हातारे गेले. तिघा मुलांनी सांगितलं, आम्ही तिघं. अप्पांनी छापून आणलं, 'पश्चात तीन मुले.' सकाळच्या पहिल्या गाडीनं चौथा मुलगा हातात पेपर घेऊन उमरग्यात उतरला. बांधाच्या भांडणावरून भावांनी त्याला वजा केला होता. त्याची बायको अप्पांच्या दारात उभी राहून म्हणाली, "आमचे हे काय वाऱ्यावरनं आले व्हय?" दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, 'कालच्या वृत्तात तीनऐवजी चार मुले असे वाचावे.' मग उरलेले तिघं आले. चौथा होताच. बापाला खांदा द्यायलाही एकत्र न आलेले चौघं भाऊ अप्पांच्या ओसरीवर एका सतरंजीवर बसून भांडले, आणि अप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, केलेला चहा प्याले. भांडण ऐन रंगात असताना अप्पांनी खिशातलं पेन काढलं.

"आता काय लिवताय?" काकूंनी विचारलं.

"चार भावांचं मनोमीलन. चांगलं वृत्त हाय."

काकूंनी पेनच काढून घेतलं. "साकु," त्या म्हणाल्या. काकूंचं माहेर सीमेपलीकडचं. पुरे झालं असं सांगायचं असलं की त्या कन्नडमधून सांगत आणि अप्पांना ते मराठीपेक्षा लवकर कळे.

या काकू म्हणजे अप्पांच्या तोडीस तोड. अप्पा घरातही छापील बोलत. जेवताना म्हणत, "आमटीत मीठ कमी असल्याची ग्रामस्थांची तक्रार आहे." काकू चुलीपुढून उत्तर देत, "ग्रामस्थांनी उठून घ्यावं."

अप्पांच्या बातम्या जात संध्याकाळच्या हैदराबाद-सोलापूर गाडीनं. पाकीट ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, तो ते काचेपाशी ठेवणार, सोलापूरला पेपरचा माणूस स्टँडवर येऊन घेऊन जाणार. अप्पा पाकिटाला डिंक लावत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "तो इतक्या लांब नेतो, त्यानं वाचाय नगं?" ड्रायव्हर वाचत आणि परतीच्या फेरीला खिडकीतून मत देत. एकदा माझ्यासमोर एकानं गाडी थांबवून सांगितलं, "अप्पा, कालची गुरांच्या दवाखान्याची बातमी लई लांबली. चहाला नळदुर्गात वाचाय घेतली, गाडी सुटायची येळ झाली तरी संपंना."

"कापतो," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

पुढं मी फॅक्सचं मशिन आणलं. अप्पांनी पहिला कागद आत घातला. तो दुसऱ्या बाजूनं जसाच्या तसा बाहेर आला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "कागद हितंच हाय की. मग तिकडं गेलं काय?" त्यानंतर कित्येक वर्षं ते फॅक्स करत, आणि तोच कागद पाकिटात घालून संध्याकाळच्या गाडीलाही देत. एक विश्वासानं गेलेलं बरं, म्हणत.

माझ्या पश्चातचा हिशेब त्यांनी डोक्यात चालू ठेवला होता. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर मांडवात येऊन, नवरीसमोर, "पत्नी वाढली" म्हणून गेले. माझी बायको आजही ते विसरलेली नाही. पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन पाळण्यात डोकावले, "कन्या एक." मुलगा झाला तेव्हा नुसती मान हलवली. पण माझे वडील गेले त्या दिवशी अप्पा आले, पायरीवर बसले, आणि एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळे होते. मुरूमच्या जावयापासून पाळण्यातल्या नातवापर्यंत. रडत असताना मला कुणाचं नाव आठवावं लागलं नाही. तेव्हा मला त्यांच्या त्या अभद्र प्रश्नाचा अर्थ लागला.

आता माकणीच्या धोंडाबाईची गोष्ट सांगायलाच हवी. धरणाच्या कडेला तिची झोपडी. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. शेळ्या राखायची. अप्पा एकदा धरणाच्या पाण्याची बातमी करायला गेले, तेव्हा तिनं त्यांना ताक पाजलं आणि अप्पांनी सवयीनं विचारलं, "पश्चात कोण कोण?" तिनं शेळ्यांकडं बोट केलं. चंद्री, बिजली, लंगडी आणि सरपंच. सरपंच म्हणजे बोकड.

धोंडाबाई गेली. अप्पांनी बातमी पाठवली, 'त्यांच्या पश्चात चंद्री, बिजली, लंगडी व सरपंच असा परिवार आहे.' सोलापूरला नव्या उपसंपादकानं ती वाचली आणि गावचा सरपंच तिचा कोण, हे विचारायला माझ्या दुकानात फोन केला. मी खरं ते सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'त्यांच्या पश्चात परिवार नाही.'

अप्पांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच पावली सोलापूरच्या गाडीत बसले. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर, दोन्ही आवाज काढून, दुकानात करून दाखवलं.

"अप्पा, बाईला कुणी नव्हतं असं तुम्हीच म्हणता."

"मी कधी म्हनलो? तुमी छापलं."

"शेळ्या म्हणजे परिवार का?"

"तुमी आजारी पडला तर रातभर वरडतंय का कोण? तिच्या शेळ्या वरडल्या, म्हनून गावाला कळलं. परिवार न्हाय असं कुनाचंबी छापू नगा, सायब. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत न्हाय."

शेवटी तडजोड झाली. सरपंच गाळला, गैरसमज नको म्हणून. बाकी तिघी आल्या. माकणीकरांनी ते कात्रण देवळाच्या भिंतीला डकवलं.

आणि मग जी लाट आली, ती विचारू नका. जळकोटच्या एका वतनदारानं निरोप धाडला, आमच्या तात्यांच्या पश्चात खिलारी जोडी घाला, ती माकणीच्या शेळ्यांपेक्षा कमी आहे काय. तात्या ठणठणीत होते. कुणी म्हैस घाला म्हणालं, कुणी नवा ट्रॅक्टर. उपसंपादकाचा पुन्हा फोन आला, "अप्पांना सांगा, निधनवार्तेतला जनावरांचा बाजार बंद करा." अप्पांनी तो निरोप शांतपणे ऐकला. "ट्रॅक्टर मीच नको म्हनलो," ते म्हणाले. "त्यो रडत न्हाय."

या सगळ्यात एखादा वात्रट त्यांनाच विचारी, "अप्पा, तुमच्या पश्चात कोण कोण?" अप्पा आणि काकूंना मूल नव्हतं, हे सगळ्या उमरग्याला ठाऊक होतं. अप्पा हसत आणि म्हणत, "वार्ताहर वार्तेत येत नसतो." आणि विषय पिकावरच्या किडीकडं नेत.

काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. अंत्यविधीहून अप्पा थेट माझ्या दुकानात आले. फॅक्स मोडीत निघाला होता, बातम्या मोबाइलवरून जात होत्या, अप्पा सांगत आणि मी टाइप करत असे. त्यांनी ठरल्या चालीत सांगायला सुरुवात केली. काकूंचं नाव, गाव, स्वभावानं मनमिळाऊ. "त्यांच्या पश्चात पती," म्हणाले आणि थांबले.

मी पुढं टाइप केलं, 'असा परिवार आहे.' त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"येकट्याला परिवार शोभत न्हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "दारातली जास्वंद घाला. तिनं लावलेली हाय."

'त्यांच्या पश्चात पती व दारातली जास्वंद असा परिवार आहे.' मला वाटलं, आता सोलापूरहून फोन येणार. आला नाही. जसंच्या तसं छापून आलं.

आता निधनवार्ता मोबाइलवरच फिरते. फोटो, फुलांचा हार, दोन हलत्या समया. परिवाराची ओळ कुणी लिहीत नाही, फोन नंबर मात्र लिहितात. पेपरात तालुक्याला कोपरा उरलाय. पण अप्पा रोज संध्याकाळी सोलापूर गाडीच्या वेळेला स्टँडवर जातात. जायचं काही कारण नाही. गाडीच्या दारापाशी उभे राहतात, ड्रायव्हर ओळखीचा असला तर दोन शब्द बोलतात. तरुण ड्रायव्हरही आता ओळखू लागलेत. वाटेत माझ्या घरावरून जातात, तेव्हा बायको त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली धपाटी देते. मांडवातला राग अजून आहे असं सांगते, आणि धपाट्यात तीळ जास्त घालते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी, गाडीच्या जरा आधी, अप्पा आले. खुर्चीत बसले आणि शबनममधून स्वतःचा फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"घ्या टाइप करून. ऐन येळी धावपळ नगं."

"अप्पा, वार्ताहर वार्तेत येत नसतो ना?"

"निवृत्त वार्ताहर येतो."

मी नाव टाइप केलं. "ज्येष्ठ पत्रकार लिहू?"

"वार्ताहर लिवा. पत्रकार शहरात असत्यात. आन वय अंदाजे."

"अंदाजे कशाला? तुमचं वय तुम्हाला ठाऊक आहे की."

"कवा जायाचं ते कुठं ठाऊक हाय? अंदाजेच बरं."

मी हसलो, तेही हसले. मग मी टाइप केलं, 'त्यांच्या पश्चात', आणि थांबलो. सगळ्या तालुक्याचा गोतावळा तोंडपाठ असलेला हा माणूस माझ्या काउंटरवरची धूळ बोटानं पुसत बसला.

"जास्वंद आहे ना अजून?" मी विचारलं.

"न्हाय. मागल्या उन्हाळ्यात गेली."

बाहेर स्टँडवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. अप्पांनी काउंटरवरचा फोटो सरळ केला. मग फोटोकडं बघतच म्हणाले,

"तुझं नाव घालू का? इच्यारून घातल्यालं बरं. न्हायतर जळकोटवानी व्हतं."

मी टाइप करू लागलो. 'मुलगा, सून, एक नात, एक नातू असा परिवार आहे.' स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि ती एक ओळ एखादी लांब बातमी वाचावी तशी वाचली.

"सुनंला इच्यारलं का?"

"ती रोज धपाटी देते, तेव्हा काय विचारायचं राहिलंय?"

"मुरूमचा जावई?"

"तो माझ्या वडलांच्यात होता, अप्पा. तुमच्यात कसा येईल?"

"त्यालाबी घाला," अप्पा म्हणाले. "ऱ्हायला तर भांडंल."

मी जावई घातला. तेवढ्यात सोलापूरची गाडी स्टँडात शिरली. अप्पांनी फोटो उचलून शबनममध्ये ठेवला आणि लगबगीनं रस्ता ओलांडून गेले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय अप्पा, आज पाकीट?"

"न्हाय," अप्पांनी सांगितलं. मला ते दुकानाच्या दारापर्यंत ऐकू आलं. "बातमी आजून वाढतीया."