सन्मानाची रंगीत तालीम

माणसाला मान देणे सरावाशिवाय जमत नाही. हे ओळखूनच मोठ्या दवाखान्याने ‘बेघर रुग्णांशी सन्मानाने कसे वागावे’ याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले. (तोवर बेघर रुग्ण तपासणे बंद. न शिकता मान द्यायला गेलो आणि तो कमी पडला, तर जबाबदार कोण?)

सरावासाठी बेघर माणूस लागणार होता. खरा नको, यावर समितीचे एकमत झाले; खऱ्याला खरोखरच काहीतरी झालेले असते. मग नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाला उभे केले. त्याचा स्वतःचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, पण अभिनयाची हौस दांडगी.

नेमकी प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी बंद दुकानाच्या पायरीवर राहणारी मावशी पायाचा काळा पडलेला अंगठा घेऊन आली. औषधवाल्याने तिला बजावले होते, “आजच दाखवा, नाहीतर अंगठा जाईल.”

“दादा, जरा आत सोडा ना.”

“श्श! मावशी, आत सन्मान चाललाय,” रखवालदार म्हणाला.

दाराच्या काचेतून मावशीने पाहिले, तर डॉक्टर चक्क गुडघ्यावर बसून कारकुनाचा पाय कोमट पाण्याने धूत होते. “दुखतंय का, काका?” कारकून असा काही विव्हळला की दोन सिस्टरना हुंदका आवरेना. (पट्टी: दोन मीटर. जखम: शून्य. गुण: शंभरपैकी चौऱ्याण्णव.)

त्या दिवसाच्या शेवटी ‘प्रत्यक्ष बेघरांचे मत’ हा रकाना भरायचा राहिला म्हणून मावशीला आत बोलावले.

“कसं वाटलं, मावशी?”

“छान धुतलात हो पाय. त्याचं झालं असेल तर मी बसू?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ अशी नोंद झाली आणि मावशीला चौथ्या दिवशी यायला सांगितले.

चौथ्या दिवशी अंगठा कापावाच लागला. पण काय अदबीने कापला! “मावशी, आपली परवानगी आहे ना?” असे तीनतीनदा विचारून.

पट्टी बदलायला मावशी आता दर सोमवारी बाहेरच्या हॉलमध्ये बसते. खुर्च्या तीस, माणसे पन्नास, तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. गेल्या सोमवारी तुम्हीही तिथे होतात. मावशीने हाताने खुर्ची झटकली आणि तुम्हाला म्हणाली, “बस ना, बाळा.” तुम्ही गोड हसून म्हणालात, “नको मावशी, बसून बसून कंटाळा आलाय,” आणि तासभर उभे राहिलात.

तुम्हाला तर कुणी प्रशिक्षणसुद्धा दिले नव्हते.