हॉटेल हवाईचे कोंडीभाऊ

कोंडीभाऊंना मी फुलाफुलांच्या शर्टाशिवाय कधी पाहिलेलं नाही. खाली पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, आणि मधल्या भागात लालभडक जास्वंदी, हिरवी पानं आणि एक पोपट. या वेषात ते दशक्रियेलासुद्धा जात. कुणी टोकलंच तर म्हणत, "धंद्याचा डिरेस हाय, राव. पोलीस काय खाकी काढून येतो का?"

धंदा म्हणजे कळंबला, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला असलेलं 'हॉटेल हवाई, परमिट रूम व गार्डन'. कोंडीभाऊ तरुणपणी मुंबईच्या एका बड्या हॉटेलात ग्लास धुवायला होते. तिथे दूरच्या बेटांवरच्यासारखा सजवलेला एक बार होता. गवताचं छप्पर, नारळाची झाडं, भिंतीवर डोळे वटारलेले लाकडी मुखवटे. अशा बारला 'टिकी' म्हणतात, ही माहिती तालुक्यात फक्त कोंडीभाऊंना होती. तो बार मोडला तेव्हा त्यांनी एक मुखवटा मागून घेतला आणि गोणपाटात गुंडाळून एसटीनं गावी आणला. कंडक्टरनं आत डोकावून, हात जोडून विचारलं, "कुठला देव?" कोंडीभाऊ म्हणाले, "बाहेरगावचा हाय."

ही ब्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा गावच्या शाळेत चित्रकला शिकवायला नुकताच लागलो होतो. हॉटेलचा बोर्ड रंगवायचं काम माझ्याकडे आलं. नाव 'हवाई' म्हटल्यावर मी मन लावून त्यावर एक विमान काढलं. कोंडीभाऊ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हवाई हे बेट असल्याचं मला हळूच सांगितलं. मी ओशाळून ब्रश उचलला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. लोकं तिकडं इमानानंच जात्यात." ते विमान अजून आहे. भरपाई म्हणून मी आतल्या भिंतीवर फुकट समुद्र काढून दिला.

छप्पर शाकारायला डोंगरातल्या घाटघरची माणसं आली. त्यांच्या घरांची छपरं तशीच असल्यामुळे यात परदेशी काय आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नारळाची सहा रोपं लावली, त्यातलं एक जगलं, पण धरेना. मग कोंडीभाऊंनी बाजारातून चार नारळ आणून तारेनं झाडाला बांधले. दारात उभे राहून ते येणाऱ्याला तिकडचा नमस्कार म्हणून 'अलोहा' म्हणत. गिऱ्हाईक म्हणे, "हां, आलो." दोघांचंही समाधान होई.

खरी पंचाईत झाली ती पेयाच्या नावाची. अननसाचा रस, रम, वर कागदी छत्री, असं त्या बारमधलं एक नामांकित पेय होतं. नाव 'माई-ताई'. कोंडीभाऊंनी ते मोठ्या हौसेनं मेनूकार्डावर छापून घेतलं. महिनाभर एकानंही ते मागितलं नाही. शेवटी एका बागायतदारानं तोंड उघडलं. "भाऊ, घरात माय हाय, भन हाय. त्यांचं नाव घिऊन दारू पिऊ व्हय?" कोंडीभाऊंनी त्याच रात्री सगळ्या कार्डांवर खाडाखोड करून 'दाजी' लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून "दोन दाजी, बर्फ जादा" अशा हाका सुरू झाल्या. मेहुण्याचा जीव घ्यायला आपल्याकडे कुणाची हरकत नसते.

एवढा सरंजाम मांडणारा हा माणूस स्वतः थेंबाला शिवत नव्हता. कारण सुमनवहिनी. वहिनींचे वडील दारूनं गेले होते. हॉटेल निघालं त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या. "तुमी प्यायची न्हाई. आन जितं बाटली, तितं मी यायची न्हाई." घर रस्त्याच्या पलीकडे. रोज दुपारी वहिनींचा डबा रस्ता ओलांडून येई, वहिनी येत नसत. कोंडीभाऊ मला सांगत, "सगळा तालुका बघून गेला, गुरुजी. जिला दावायचं तीच ऱ्हायली." हे ते हसत सांगत, पण मला ऐकवत नसे.

चौदा वर्षं अशी गेली. मग दोन हजार सहाच्या गांधीजयंतीच्या तोंडावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ड्राय डे! त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या बाटल्या गाडीत घालून मेहुण्याच्या गोठ्यात ठेवल्या. फरशी तीनदा धुतली. मला समुद्राला नवा हात द्यायला बोलावलं. आणि घरी जाऊन सांगितलं, "आज तितं एक बी बाटली न्हाई. तुझा शबुद मोडत न्हाई."

दुपारी वहिनी आल्या. चपला दारात काढून. छप्पर बघितलं, तारेतले नारळ बघितले, मुखवट्याला नमस्कार केला. कोंडीभाऊ खांद्यावर फडकं टाकून वाकून उभे. आयुष्यभर जिला 'अगं' म्हटलं तिला म्हणाले, "बसा. तुमी काय घेणार?"

वहिनी पदर सावरत बसल्या. "तुमीच सांगा."

त्यांनी अननसाचा रस आणला, छत्री लावून. वहिनींनी छत्री काढून बाजूला नीट ठेवली, दोन घोट घेतले आणि समोरची खुर्ची दाखवली. "बसा की."

कोंडीभाऊ बसले. आपल्याच हॉटेलात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. वहिनी चारी बाजूंच्या रिकाम्या टेबलांकडे बघत राहिल्या.

"रोज एवढी माणसं पिऊन बसत्यात," त्या म्हणाल्या, "आन तुमी एकलेच शुद्धीत. लई एकटं वाटत आसंल."

मी त्या माणसासमोर चौदा वर्षं बसलो होतो. त्याचा शर्ट, त्याचं 'अलोहा', त्याचे किस्से मी गावभर सांगितले होते. हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"वाटतं," कोंडीभाऊ म्हणाले.

वहिनींनी उरलेला ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मी भिंतीकडे तोंड केलं आणि निळा रंग होता तिथेच पुन्हा निळा रंग देत राहिलो.