पिकलेला मेंदू

रविवारी सकाळी संघपाल सर डोक्याला काळा रंग लावून अंगणात बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. बोटं बरबटलेली, म्हणून त्यांनी तो कोपरानंच उचलला.

"पप्पा, रागवू नका. मी गाडीत हाय. जालन्याला चालले."

त्यांची साक्षी नववीतली. मैत्रिणीला, अर्पिताला, गाडीत बसवून देते म्हणून बदनापूर स्टेशनवर गेली होती.

"जालन्याला? कामून?"

"अर्पिता म्हणली, चल. तिकीट बी तिनंच काढलं."

"अन् तू चालली?"

"गाडी सुटायलीच होती पप्पा. विचार करायला टाइमच न्हाई भेटला."

संताप सरांच्या टाळूपर्यंत चढला, पण त्यांनी तो रंगाखालीच दाबला. कारण आदल्याच दिवशी ते किशोरवयीन मुलांच्या मेंदूवरचं प्रशिक्षण करून आले होते. रात्री जेवताना त्यांनी बायकोला, बेबीनंदाला, सगळं समजावूनही सांगितलं होतं. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो पुढचा-मागचा विचार करतो, तो सगळ्यात शेवटी पिकतो. पंचविशी उजाडते. तोवर भावना पुढं धावतात आणि अक्कल मागून येते. त्यात बरोबरीची पोरं सोबत असली की विचारूच नका. अशा वेळी आपण शांत राहायचं.

"अन् पंचविशीनंतर?" बेबीनंदानं विचारलं होतं.

"मंग माणूस विचार करूनच पाऊल टाकतो," असं म्हणून सरांनी दुसरी भाकरी घेतली होती.

तेव्हा आता ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं बेटा. जालन्याला उतर, स्टेशनातच थांब. मी आलोच."

"तुम्ही कामून येता? मी लगेच परत..."

पण सरांनी फोन ठेवला होता. स्कूटी घेऊन बेबीनंदा भाजीला गेली होती. सर होते तसेच, बनियनवर, स्टेशनकडं पळत सुटले. फलाटावर एक गाडी उभी होती आणि हलायच्या बेतात होती. वीस वर्षं बदनापुरात काढलेल्या माणसाला इंजिनाचं तोंड कुठं आहे हे सांगावं लागत नाही. पण बघावं मात्र लागतं. सरांनी बघितलं नाही. उडी मारून ते आत शिरले.

लोक आपणहून सरकून बसले. घामानं रंग विरघळून कानामागून ओघळत होता. थोड्या वेळानं टीसी आला.

"तिकीट?"

"साहेब, पोरगी एकटी जालन्याला गेली. जल्दीत निघालो."

"जालन्याला?" टीसीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "मंग तुम्ही संभाजीनगरकडं कामून चाललात?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. बघितलं आणि त्याच झटक्यात हात वर करून साखळी ओढली.

गाडी कपाशीच्या रानात उभी राहिली. शिव्या मात्र डब्याडब्यातून धावत आल्या.

करमाडला सरांना उतरवून रेल्वे पोलिसांच्या हवाली केलं.

"काय करता?" जमादारानं विचारलं.

"शिक्षक हाय. विज्ञान शिकवतो."

"साखळी कामून ओढली?"

"दुसरं काही सुचलंच न्हाई."

"वय?"

"सेहेचाळीस," सर हळूच म्हणाले.

जमादारानं पेन खाली ठेवलं. "घरचं कुणी मोठं माणूस असंल तर बोलवा."

बेबीनंदा स्कूटीवर आली तेव्हा मागं साक्षी बसली होती. पोरगी जालन्याला उतरली, आईला फोन केला आणि मिळाली त्या जीपनं बदनापूरला परतलीसुद्धा. बापाचा अवतार बघून ती हसली नाही. तिनं पाण्याची बाटली पुढं केली आणि जमादाराला म्हणाली, "सर, चुकी माझी हाय. मी न सांगता गेल्ते, म्हणून पप्पा घाबरले. असे न्हाईत ते."

दंड भरून सुटका झाली. सर स्कूटीच्या मागच्या सीटकडं वळले, तशी बेबीनंदा ओरडली, "बिलकुल न्हाई! नवी साडी हाय माझी, सगळा रंग लागंल. साक्षे, तू ह्यांला गाडीनं घेऊन ये. अन् हात सोडू नको."

बापलेक बाकावर बसले. साक्षीनं दोन तिकिटं काढली, गाडी कुठली, कोणत्या फलाटावर, दोनदा विचारून घेतलं.

"गाडी सुटली तवा लई भेव वाटलं पप्पा," ती खाली बघत म्हणाली. "पण अर्पितापुढं कसं सांगावं?"

"मला बी वाटलं," सर म्हणाले. "तुझा फोन आला तवाच."

इतक्यात स्टेशनबाहेरून मिरचीच्या भज्यांचा वास आला. सरांनी साक्षीकडं बघितलं. साक्षीनं सरांकडं.

"गाडीला वेळ हाय न?"

"हाय की. चला!"

भजे कढईतून नुकतेच निघाले होते. पहिली प्लेट संपली, दुसरी आली. बाप फुंकर मारून देत होता, लेक हाश्-हुश् करत खात होती. मागं शिट्टी झाली. दोघांनी तोंडात भजं धरूनच वळून बघितलं, तर गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडत होता.

सरांच्या हातातला फोन वाजू लागला. बेबीनंदाचा होता.

"उचल," सर म्हणाले.

साक्षीनं दोन्ही हात मागं घेतले. "तुम्हीच उचला. मोठे तुम्ही हाय न!"