गायब होणारी ‘विकणे आहे’ची पाटी

“गुन्हेगार माझ्या सावलीला टरकतात. माझी नजर भिंतीपलीकडे जाते आणि मेंदू झोपेतही ड्युटीवर असतो.”

अशी ओळख आमचे गुप्तहेर मामा स्वतःच करून देतात, कारण दुसरं कोणी करून देत नाही. मी त्यांचा भाचा आणि मदतनीस. म्हणजे त्यांचा चष्मा शोधून देणारा.

परवा दातांचे डॉक्टर तावातावाने आले. गल्लीच्या टोकाला त्यांची रिकामी जागा आहे. गुडघाभर गवत, वाकलेलं कुंपण आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाडलेली पायवाट. ही जागा त्यांना विकायची होती.

“दुपारी ‘विकणे आहे’ची पाटी लावतो, संध्याकाळी गायब! कोणीतरी जागा बळकावतंय!”

“प्रकरणाची मुळं खोल आहेत,” मामा गंभीरपणे म्हणाले.

“मग काढून टाका,” डॉक्टर सवयीने म्हणाले.

आम्ही जागेवर गेलो. मामांनी भिंगातून माती पाहिली. “दोघं होते. एकामागे एक, अगदी चिकटून चालले.”

ते दोघं म्हणजे एक गाय निघाली. तिने मामांचा रुमाल खाल्ला.

मग मामांना सुताराचा संशय आला. लाकडासाठी चोरी! पाटी पत्र्याची होती. मग खुद्द डॉक्टरांचा. “विम्यासाठी केलं!”

“पाटीचा विमा?” मी विचारलं.

“तुला यातलं कळत नाही,” मामा म्हणाले आणि भर दुपारी अंगावर फांद्या बांधून गवतात पाळतीवर बसले. नंतर मी जाऊन पाहतो तर पाटी गायब, मामा गाढ झोपलेले आणि ऊन लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर कोणीतरी छत्री उघडून ठेवलेली.

घरी छत्री पाहून मामी म्हणाल्या, “अहो, ही तर डॉक्टरीणबाईंची!”

आम्ही सगळे डॉक्टरांकडे गेलो.

“हो, मीच काढते पाट्या,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“मग सांगितलं का नाहीस?” डॉक्टर ओरडले.

“विचारलंत कुठे? जागा विकायला काढतानाही नाही विचारलंत. तिथे आपलं घर बांधू, असं म्हणून घेतली होती ती. जन्म गेला दवाखान्यावरच्या या खोल्यांत, खालच्या मशीनची घरघर ऐकत. रोज गवतात उभी राहून मी ठरवते, खिडकी कुठे, ओटा कुठे.”

आयुष्यभर दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणणारे डॉक्टर स्वतःच आ करून बसले. मग म्हणाले, “या वयात घर?”

“लहानसं. फक्त खाली कोणाचे दात नकोत.”

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको गवतात आखणीची दोरी धरून उभे होते. मामा माझ्या कानात म्हणाले, “मी मुद्दाम झोपलो होतो. आरोपी गाफील राहावा म्हणून.”

“अजून मागे सरका,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. “अजून. बस्स! इथे दार.”

डॉक्टरांनी गवताला बूट पुसले आणि विचारलं, “येऊ का आत?”