तीन घरं, एक मोटर आणि वृषालीचं कुलूप

"माणसावर भरवसा ठेवायची गरजच संपवते मी!" वृषालीने जाहीर केलं आणि चहात बटर बुडवलं.

ती पुण्याला विद्यापीठात एम. एस्सी. करत होती. विषय, आधुनिक कूटशास्त्राचा पाया. म्हणजे गुपित कसं राखायचं, याचं गणित. आता तिच्या गावात, डिंगोऱ्यात, कुणाचंच गुपित दुपारच्या जेवणापलीकडे टिकत नाही, तिथल्या पोरीने हा विषय घ्यावा म्हणजे नवलच! पण सरांनी प्रोजेक्ट सांगितला आणि वृषालीला घरची विहीर आठवली.

विहीर एक, मोटर एक, वाटेकरी तीन: वृषालीचे वडील भगवंत, धाकटे चुलते हौशीरामतात्या आणि थोरली चुलती साळुबाई. पाळी चुकवून मोटर कोण चालू करतं, यावरून रोज महाभारत! बांधावरच्या आंब्यापायी तात्या आणि काकू तर एकमेकांशी बोलतच नव्हते. काही सांगायचं झालं तर म्हशीला सांगायचे, समोरच्याने ऐकून घ्यायचं.

सुट्टीत गावी येऊन वृषालीने मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला आकड्यांचं कुलूप लावलं आणि तीन घरांना तीन वेगळे आकडे दिले.

"हे बघा, एका टिंबातून हव्या तेवढ्या रेघा जातात, पण दोन टिंबांतून एकच. तसंच हे. एकट्याच्या आकड्यातून काही म्हणता काही कळणार नाही. कोणतेही दोन आकडे माझ्या मोबाइलात टाकले, की कुलपाचा आकडा बाहेर! चोरून मोटर लावणं बंद!"

"आन तुला ठावं हाय का कुलपाचा आकडा?" तात्यांनी डोळे बारीक केले.

"मी तो मुद्दाम पुसून टाकला!" वृषाली अभिमानाने म्हणाली. हा अभिमान तिला फार महागात पडला.

दुसऱ्या दिवशी पाळी साळुबाईंची. आदल्या दिवशी लावलेली टोमॅटोची कोवळी रोपं, वरून वैशाखातलं ऊन. दुपारी दोनला लाईट जाणार. आणि भगवंत नारायणगावच्या मार्केटला!

वृषालीने फोन लावला. "अण्णा, तुमचा आकडा सांगा पटकन."

"इथं समदी माणसं उभी हायेत! आन फोनवर आकडा कुणालाच सांगायचा न्हाई, तूच शिकवलंस ना?" खट्‌! फोन बंद.

राहिले तात्या. वृषाली त्यांना हाताला धरून विहिरीवर घेऊन आली. तात्या पेटीच्या या बाजूला, काकू त्या बाजूला, मधे मोबाइल. आधी तात्यांनी टॉवेल डोक्यावरून घेऊन आत आकडा टाकला. मग काकूंनी पदराआड टाकला. मोबाइलने उत्तर दिलं. वृषालीने कुलूप फिरवलं.

उघडलं नाही!

पुन्हा फिरवलं. हलवलं. वहीत गणित मांडलं. गणित बरोबर, कुलूप गप्प! रोपांनी तोवर माना टाकायला सुरुवात केली होती.

"तात्या, आकडा नीट टाकला ना?"

"टाकला की. जरासा फिरवून."

"फिरवून?"

"मंग? भावकीत खरा आकडा कोण सांगतं, येडे?"

"ऐकलंस गं?" साळुबाई म्हशीकडे बघून कडाडल्या. "हा असला माणूस! तरी बरं, मी बी खोटाच टाकला व्हता!"

वृषालीने कपाळाला हात लावला. समोरचा खोटं बोलला तर काय करायचं, हा पुढचा धडा होता, आणि सर तिथवर पोचलेच नव्हते.

"आता तरी खरा टाका! अर्ध्या तासात लाईट जाईल!"

"आधी तिनं."

"आधी त्यानं."

साळुबाईंनी एकदा रोपांकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने पुसलं आणि घराच्या वळचणीची पहार घेऊन आल्या. पण कोयंड्यात अडकवून एकटीने ती रेटेना. तात्या बघत राहिले. मग टॉवेल कमरेला आवळून पुढे झाले.

"वैनी," किती वर्षांनी तोंडातून निघालं, "पेटी घट्ट धरा!"

कड्‌ड्‌! कोयंडा मोडून पडला. कुलूप मात्र शाबूत होतं. मोटर गुरगुरली आणि सऱ्यांतून पाणी धावलं. साळुबाईंनी तात्यांना गूळ-पाणी दिलं आणि ते म्हशीला न सांगता, थेट दिलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. वृषालीचे हात चिखलात, म्हणून तिने स्पीकर लावला.

"वृषाली, महत्त्वाचा प्रश्न. हल्लेखोराने जिद्दच धरली, तर तुझी पद्धत फोडायला त्याला किती काळ लागेल?"

वृषालीने मोडक्या कोयंड्याकडे बघितलं. तेवढ्यात साळुबाई मोबाइलवर वाकल्या.

"सर, त्याला म्हणावं पहार आमच्या वळचणीलाच असती. नेऊन परत आणून दिली म्हंजी झालं!"