बाटली परत, रोगी बरा

डॉ. चंद्रप्रकाश सामंत यांच्या अंधेरीच्या दवाखान्यात एक एप्रिल एकोणीसशे पंचावन्न रोजी सकाळी आठ वाजता योजना लागू झाली. ती लागू होण्याआधी तिथे नुसतेच रोगी येत. येत, बाकावर बसत, जीभ दाखवत, गुलाबी मिक्श्चर घेऊन जात, आणि पुढे त्यांचं काय होई याची कुठेही नोंद नसे. देशाची पंचवार्षिक योजना शेवटच्या वर्षात शिरली तरी आपल्या धंद्याला साधं एक उद्दिष्ट असू नये, ही गोष्ट डॉक्टरांच्या मनाला फार लागली होती.

मनाला लागण्याचं दुसरंही एक कारण होतं, आणि ते रस्त्याच्या पलीकडे, गावठाणाच्या तोंडाशी राहत होतं. डॉ. युस्टेस तीस वर्षं स्वतःच्या घराच्या ओसरीवर रोगी तपासत आले होते. ना पाटी, ना पंखा. तरी लोक म्हणत, म्हाताऱ्याच्या हाताला गुण आहे.

"गुण आहे म्हणजे किती?" डॉ. सामंतांनी आपल्या कंपाउंडरला, लवूला, विचारलं. "शेकडा किती?"

"ते कोणी मोजलेलं नाही, साहेब."

"मग आपण मोजू."

त्याच दिवशी उद्दिष्ट ठरलं: वर्षअखेर शेकडा नव्वद रोगी बरे. दारावर काळा फळा लागला आणि त्यावर रोजचा आकडा खडूने लिहायचा असं फर्मान निघालं. पण रोगी बरा झाला हे ओळखायचं कसं? बरा झालेला माणूस सांगायला येत नाही. बरा न झालेलाही येत नाही, तो रस्ता ओलांडून युस्टेसकडे जातो. दवाखान्याच्या आतून बघितलं तर दोघे अगदी सारखेच दिसतात.

तोड काढली ती लवूने. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे तो स्वतः ते विसरायला बघणार आहे. इतर दवाखान्यांत रोगी घरून बाटली आणत, तिला कधी खोबरेलाचा वास तर कधी रॉकेलचा. डॉ. सामंतांकडे मात्र बाटली दवाखान्याची. लवू कागदाची पट्टी कातरून तिला डोसाच्या खुणा करी, बाटलीला चिकटवी, आणि औषध संपलं की बाटली परत आणायची असा रिवाज होता. लवू म्हणाला, "साहेब, गुण आला की माणूस बाटली आणून देतो. बाटली परत, रोगी बरा."

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी लवूचा हात हातात घेतला, आणि त्या घटकेपासून लवू हा कंपाउंडर तथा योजना-अधिकारी झाला. कामं तीच राहिली, फक्त त्यांत एक वही वाढली.

पहिल्या महिन्यात आकडा एकसष्टवर अडकला. चौकशीअंती असं निष्पन्न झालं, की पुष्कळ लोक बरे होऊनही बाटल्या घरीच ठेवून घेतात. तेव्हा लवू पिशवी घेऊन दारोदार हिंडू लागला. वर्सोव्याला एका कोळणीने बाटलीत मध भरून ठेवला होता. त्याने तो वाटीत ओतवून घेतला आणि बाईला जागच्या जागी बरी केली. मरोळला एका शिंप्याच्या बाटलीत तीन डोस बाकी होते आणि शिंपी तापाने फणफणला होता. लवूने थोडा विचार केला. मग तिन्ही डोस त्याला एकदम पाजले आणि बाटली पिशवीत टाकली. ऑगस्टअखेर फळ्यावर अठ्ठ्याहत्तर झाले.

सप्टेंबरात इनेझबाई आल्या. अंगावर काळे कपडे. त्यांचे यजमान अर्बन पंधरा दिवस छातीच्या दुखण्याचं औषध घेत होते.

"लवू, ही तुमची बाटली. अर्बन मंगळवारी गेले. म्हटलं, लोकांची वस्तू घरात नको."

लवूने लेखणी खाली ठेवली. तो आत गेला आणि त्याने डॉक्टरांना प्रकरण सांगितलं. डॉक्टरांना वाईट वाटलं. मग त्यांनी नियमांचा कागद काढला.

"यात बाटलीबद्दल लिहिलं आहे. अर्बनबद्दल काही लिहिलेलं नाही. त्यांना आता काही त्रास आहे का?"

"नाही, साहेब."

"खोकला?"

"नाही."

"मग तुझी शंका काय आहे?"

लवू बाहेर आला आणि त्याने वहीत नोंद केली. इनेझबाई शिकलेल्या होत्या. त्यांनी वाकून वाचलं.

"बरे झाले?"

"तशी लिहायची पद्धत आहे, बाई."

"अंत्यविधीला फादरही जवळपास हेच म्हणाले," असं म्हणून इनेझबाई घरी गेल्या.

चकाल्याच्या चाळीत संध्याकाळी लवूने हे बायकोला सांगितलं. शेवंती मुडदुशे मासे साफ करत होती.

"तुमी त्येका बरो लिवलास?"

"नियम तसो आसा."

"आणि उद्या मी आजारी पडलंय तर?"

"तू कित्याक पडतलंस? गप रव."

जानेवारीत आकडा नव्वदला टेकला. दुसरा कोणी असता तर समाधान पावला असता. पण साध्य झालेलं उद्दिष्ट हे उद्दिष्टच नव्हे, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि शेकडा शंभरचं सुधारित उद्दिष्ट जाहीर झालं. आता बाटल्या गोळा करून भागणार नव्हतं. ज्या हातातून बाटली वेळेवर परत येईल अशाच हातात ती द्यायला हवी होती. लवू दारातच रोग्याला निरखू लागला. सर्दी, कान ठणकणं, अपचन यांचं आगत-स्वागत होई. जुना खोकला, रक्ताची उलटी, सुजलेले पाय दिसले की तो नम्रपणे म्हणे, "बाटली शिल्लक नाही, पलीकडे विचारा." पलीकडे ओसरीवर गर्दी वाढली, ती सगळी कण्हणारी. अलीकडे खरोखर कोणाला फारसं काही झालेलं नसल्यामुळे दवाखान्याचं वातावरण फार प्रसन्न राहू लागलं. फळा बघून विलेपार्ल्याहून माणसं यायला लागली. धंदा म्हणतात तो हा.

मार्चच्या तीस तारखेला फक्त एक बाटली बाहेर होती. ती लवूच्या घरी होती.

शेवंतीला नऊ दिवस ताप होता. पहिली बाटली डॉक्टरांनी घरचं माणूस म्हणून दिली. दुसरी देता येत नव्हती, कारण दुसरी दिली म्हणजे पहिलीने गुण आला नाही असं कागदोपत्री सिद्ध होतं.

"लवू, उद्या एकतीस. बाटली?"

"साहेब, तिचा ताप उतरलेला नाही."

"मी ताप विचारला नाही."

"एकदा येऊन बघाल का तिला? जीभ काळी पडली आहे. बोलताना मधेच हरवते."

डॉक्टर खरोखर कळवळले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी आलो तर नवी केस होईल. वर्षाच्या शेवटच्या दिवशी उघडी केस. आणि अधिकाऱ्याच्याच घरी सवलत दिली तर लोक काय म्हणतील? नियम तुझा आहे, लवू. मी फक्त पाळतो आहे."

लवूला वर्षभरात पहिल्यांदा त्या नियमाची भीती वाटली. डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य त्याचंच होतं.

एकतीसला दुपारी तो घरी गेला. बाटलीत दोन डोस होते. ते त्याने मोरीत ओतले आणि बाटली विसळायला लागला. आवाजाने शेवंतीने डोळे उघडले.

"खंय नेतास ती?"

"परत करूची आसा."

"म्हंजे मी बरी झालंय?"

"कागदार झालंस."

तिने बाटलीकडे बघितलं.

"त्या अर्बनासारखी?"

लवूने विसळलेली बाटली खिशात टाकली. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. मग तो उठला, नाक्यावरून घोडागाडी आणली, शेवंतीला घोंगडीत गुंडाळून आत निजवलं आणि गाडीवाल्याला म्हणाला, युस्टेस डॉक्टर. वाटेत दवाखाना लागला. गाडी थांबवून त्याने बाटली बाकावर ठेवली. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दुपारात जाते? डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर शंभर लिहिले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले गेले, आणि आकडा पुरा करणारी रोगीण दारातच आहे असं कळल्यावर एक पेढा शेवंतीच्या तापलेल्या हातावरही ठेवण्यात आला.

युस्टेसनी तिला ओसरीवरच्या खाटेवर घेतलं. पोट चाचपलं, डोळे बघितले, नाडी धरून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले.

"विषमज्वर आहे. आधी का नाही आणलीस रे?"

"साहेब, ती बरी झाली होती."

"अस्सं." म्हाताऱ्याने मान हलवली. "यंदा माझ्याकडे बरे झालेलेच फार येतात."

"वाचेल ना?"

"आज सांगता येत नाही. रोज येऊन बघीन."

ते रोज आले. महिना गेला, शेवंतीचे केस गेले, पण शेवंती राहिली. लवूने कंपाउंडर तथा योजना-अधिकारी या दोन्ही पदांचा एकाच कागदावर राजीनामा दिला आणि तो पलीकडच्या ओसरीवर औषधं घोटू लागला.

परवा तिथे नंदकिशोर नावाचा एक गृहस्थ आला. बोरिवलीचा, चांगला शिकलेला. बायकोला सहा दिवस ताप होता.

"तुमच्या डॉक्टरांचं शेकडा प्रमाण काय?"

"मोजलेलं नाही," लवू म्हणाला.

"मग भरवसा कशाचा?"

"ते येऊन बघतात."

"बघतात हो सगळेच. समोर शंभर लिहिलं आहे."

तेव्हा लवूने त्याला बसवून घेतलं आणि फळ्यापासून पेढ्यापर्यंत ही सगळी हकीकत सांगितली. स्वतःला काही वगळलं नाही. गृहस्थाने ती तुमच्याइतक्याच लक्षपूर्वक ऐकली. इनेझबाईंच्या जागी तो हसला, शेवंतीच्या जागी हळहळला, काय एकेक माणसं असतात म्हणाला. मग टोपी सारखी केली, रस्ता ओलांडला आणि फळ्याखालच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

त्याच्या मागची जागा अजून रिकामी आहे.